सीएमटी चाचणीत चारही सडं घट्ट का दाखवतात?

निपाणीकर: इंटर्नशिपचं शिबिर चिक्कोडी तालुक्यात आहे. सीएमटी (दुधात द्रावण मिसळून कासेचा लपलेला दाह ओळखायची चाचणी) करताना एका म्हशीच्या चारही सडांचं दूध पॅडलमध्ये (चार कप्प्यांच्या ताटलीत) घट्ट होतंय, कास मात्र मऊ. द्रावण खराब असेल का?

गोठेवाला: आधी ती कधी व्याली ते विचारा. चीक असताना किंवा दूध आटत आलं की दुधातल्या पेशी आजार नसतानाही वाढतात, आणि पेशी वाढल्या की मिश्रण घट्ट होतं. दगडी (कासेचा दाह) बहुधा एखाद-दुसऱ्या सडातच दिसते.

खानापूर: पहिल्या दोन-तीन धारा पॅडलमध्ये नकोत. कप्प्यात २-३ मिली दूध, तेवढंच द्रावण. द्रावण घालण्याआधी पॅडल तिरकं करून जास्तीचं दूध ओता, नाहीतर प्रमाण चुकतं. १० सेकंद गोल फिरवून लगेच बघा, हलका चिकटपणा विरून जातो. निकाल घट्टपणावरून ठरवा. गडद जांभळा म्हणजे दूध अल्कधर्मी, इतकंच.

गोठेवाला: आणि शिबिर धारेच्या वेळीच ठेवा, धार काढणाऱ्या बायका तेव्हाच भेटतात. मराठी घरात ‘दगडी’, कन्नड घरात ‘केच्चलु बावु’ म्हणा. ‘मस्टायटिस’ म्हटलं की सगळे नुसत्या माना डोलावतात! धारेनंतर सडं औषधात बुडवून अर्धा तास जनावर बसू देऊ नका, सडाचं तोंड तोवर उघडं असतं. वैरण तेव्हाच टाकली की आपोआप उभं राहतं.