वान सरोवर (पूर्व तुर्की): दोन दिवसांत काय बघावं? घाईत आहे

पायाला_भिंगरी: इस्तंबूल, कॅपाडोकिया ठरलंय, त्यावर सल्ले नकोत. मध्ये दोन दिवस वान सरोवराला. अकदमार बेट, वानचा किल्ला आणि नेमरूत बसतंय का? मुक्काम वानला की तातवानला? आज रात्रीच हॉटेल बुक करायचंय.

दगडधोंडा: कुठला नेमरूत? कुठला महिना? गाडी आहे का?

पायाला_भिंगरी: नेमरूत म्हणजे नेमरूत, ती भलीमोठी दगडी मुंडकी. मेचा पहिला आठवडा. गाडी तिथेच घेऊ, आईबाबा आहेत सोबत.

कडकलक्ष्मी: अहो, मुंडक्यांचा नेमरूत आदियामानकडे, वानपासून शेकडो किलोमीटर. तिथे राजा पहिला अँटिओकस याची समाधी आहे. तातवानजवळचा नेमरूत हा ज्वालामुखी. त्याच्याच लाव्ह्याने पाणी अडलं म्हणून तर हे सरोवर झालं.

पायाला_भिंगरी: मग एजंटने दोन्ही एकाच पानावर का छापलंय? असो, ज्वालामुखी चालेल.

दगडधोंडा: मेच्या सुरुवातीला विवराचा रस्ता बर्फामुळे बंद असू शकतो. वानलाच राहा. अकदमारची बोट गेवाशच्या बाजूने सुटते. बेटावरचं चर्च 915 ते 921 मध्ये आर्मेनियन राजा गागिकने बांधलं. आत घुसायची घाई नको, आधी बाहेरून फेरी मारा. दक्षिणेच्या भिंतीवर बायबलमधल्या योनाला गिळणारा मासा कोरलाय, त्याला चक्क कान आहेत!

कडकलक्ष्मी: मी तातवानच म्हणेन. अहलात गावातले सेल्जुक (मध्ययुगीन तुर्की राजवट) काळातले थडग्यांचे दगड तिथून जवळ. माणसापेक्षा उंच, त्यावर जाळीसारखी नक्षी. चर्चच्या नादात लोक ते सोडतात.

दगडधोंडा: मग किल्ला आणि बेट दोन्हीसाठी रोज वानकडे ये-जा करा.

तिरकीट: खारं पाणीच बघायचं तर आपलं लोणार काय वाईट आहे? व्हिसाचं बघितलंत का? आपल्याला ई-व्हिसा अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा (युरोपातल्या देशांचा सामायिक) चालू व्हिसा किंवा निवास परवाना असला तरच मिळतो.

पायाला_भिंगरी: व्हिसा झालाय. मी विचारलंय काय, उत्तर काय!

दगडधोंडा: लोणार अशनीच्या आघाताने झालं, त्याचा इथे काय संबंध? पाणी दोन्हीकडचं अल्कधर्मी, एवढंच. पण वानमध्ये इंजी केफाली नावाचा मासा राहतो. अंडी घालायला तो नदीत चढतो, नेमका तुमच्याच दिवसांत. दुसऱ्या दिवशी एर्जिशजवळ देलिचाय नदीवर जा, मासे प्रवाहाविरुद्ध उड्या मारताना दिसतील. मुरादियेचा धबधबा त्याच बाजूला. बर्फ वितळत असतं, पाणी भरपूर.

खादाडखाऊ: न्याहारी कुणीच सांगितली नाही? रानातल्या पाल्याचं चीज, कणीक-अंडी लोण्यात परतलेली मुर्तुआ, आणि कावूत, म्हणजे आपल्या सातूच्या पिठाचा चुलतभाऊ. हॉटेलमध्ये ब्रेकफास्ट घेऊ नका, गावात जा.

पायाला_भिंगरी: वान बुक केलं. किल्ल्याला चढ किती? बाबांचा गुडघा दुखतो.

दगडधोंडा: हे आधी सांगायचं ना! खडा चढ आहे, वाट ओबडधोबड. बाबांना वर नेऊ नका. पर्शियाचा राजा झेर्क्सीस याचा तीन भाषांतला लेख दक्षिणेच्या कड्यावर उंच कोरलाय, तो खालूनच बघायचा असतो. जुन्या वान शहराचे अवशेषही खालीच आहेत. तुम्ही संध्याकाळी वर जाऊन या, तोवर ते दोघं खाली चहा घेतील.

तिरकीट: गाडीला इंटरनॅशनल परमिट लागतं का हो?