फोल्डर दिसतो, पण उघडत नाही: तुमचे अनुभव लिहा

घर एक, वायफाय एक, कॉम्प्युटर दोन. फोल्डर शेअर केलेला, पलीकडच्या मशीनवर त्याचं नावही दिसतंय, आणि क्लिक केलं की 'परवानगी नाही'. आपल्याच घरात आपल्यालाच! हे ज्यांनी भोगलंय त्यांनी लिहा: काय अडलं होतं आणि शेवटी कशाने सुटलं?

सुरुवात मीच करते. शेअरिंगमध्ये 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल दिला, तरी लॅपटॉपवरून फाइल सेव्ह होईना. दोन संध्याकाळी गेल्या. मग उमगलं की विंडोजमध्ये कुलपं दोन असतात, एक शेअरिंगच्या टॅबमध्ये, दुसरं सिक्युरिटीच्या. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही ओलांडावी लागतात आणि जे जास्त कडक, त्याचंच चालतं. मी एक सताड उघडून बसले होते. आता सगळं चालतं, पण जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या डिस्कवरच्या तीन फाइली अजून हटून बसल्यात.

*

माझं कारण सांगायलाही लाज वाटते. पासवर्ड विचारला की मी रोजचा चार आकडी पिन टाकत होतो. पिन त्या मशीनपुरताच, नेटवर्कवर खात्याचा खरा पासवर्ड लागतो. बाबांच्या खात्याला तर पासवर्डच नव्हता, आणि तसल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. शेवटी ज्या मशीनवर फोल्डर आहे तिथे शेअरिंगपुरतं वेगळं खातं काढलं.

*

आमच्याकडे एकाच फोल्डरमधले काही फोटो उघडायचे, काही नाही. डिस्क गेली, असंच धरून चाललो होतो. एका रात्री दोन फोटोंच्या प्रॉपर्टीजच्या खिडक्या शेजारी शेजारी ठेवून सिक्युरिटी टॅब बघितला. एकीत घरातल्या सगळ्यांची नावं, दुसरीत फक्त बायकोचं. न उघडणारे सगळे फोटो तिने तिच्या फोल्डरमधून कट-पेस्ट केलेले! कॉपी केलेली फाइल नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते, पण त्याच ड्राइव्हवर नुसती हलवलेली फाइल आपल्या जुन्याच घेऊन येते. वरच्या फोल्डरच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये जाऊन आतल्या सगळ्यांना त्याच परवानग्या लावायची टिक केली, झालं. (बायको म्हणाली, फोटो मी लावले म्हणून निदान एका जागी आहेत.)

*

माझ्या लॅपटॉपने घरचं वायफाय 'पब्लिक', म्हणजे परक्यांचं, समजून शेअरिंग अडवलं होतं. 'प्रायव्हेट' केलं. बास.

*

लिनक्सवाले कोणी आहेत का? सांबाचा (लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला दाखवणारा प्रोग्राम) पासवर्ड लॉगिनच्या पासवर्डहून वेगळा असतो, तो एसएमबीपासडब्ल्यूडी या कमांडने द्यावा लागतो, इथे पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी वैतागून फोल्डरला ७७७ मारलं, म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं (मारतो आपण सगळेच, उगाच नाही म्हणू नका), तरीही तेच. आतला फोल्डर उघडा होता, पण त्याच्या वरचा होम फोल्डर ७५०, म्हणजे बाहेरच्यांना बंद! अंगणाचं फाटक बंद ठेवून खोलीचं दार उघडल्यासारखं. फोल्डर होमच्या बाहेर हलवला.

*

पासवर्ड बरोबर, तरी एरर १२१९? एकाच मशीनला एकाच वेळी दोन नावांनी जोडून घेता येत नाही. मॅप केलेले (ड्राइव्हचं अक्षर देऊन जोडलेले) जुने ड्राइव्ह तोडा, विंडोज पासवर्ड साठवतं त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली जुनी नोंद पुसा, मग नव्याने लॉगिन करा.

*

एक विनंती. जुनी नेटवर्क डिस्क दिसत नाही म्हणून 'एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करा' असा सल्ला मिळतो. मीही केलं होतं. मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय पसरला तो त्याच एसएमबी १ मधल्या भोकातून. मी डिस्कचं फर्मवेअर (तिच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं, एसएमबी २ सुरू झालं.

*

कट-पेस्टवाले दादा, धन्यवाद! तीनपैकी दोन फाइली उघडल्या. तिसरीच्या चिन्हावर बारीकसं कुलूप आहे. ती कधीकाळी मीच एनक्रिप्ट केलेली निघाली, आणि तिची किल्ली जुन्या लॅपटॉपवरच्या खात्यात होती. तो लॅपटॉप मी फॉरमॅट करून देऊनही टाकलाय.