वॅगनआर माझी, तपासणी अहवाल भलत्याच गाडीचा

पाटणच्या_बाई
नमस्कार मंडळी. मी झेडपीच्या शाळेत शिक्षिका, पाटण तालुक्यात. रोज स्कूटीवर ३८ किलोमीटर अप-डाऊन. आमच्याकडचा पाऊस रेनकोट जुमानत नाही, म्हणून यंदा गाडी घ्यायचीच असं ठरवलं. एका साइटवर वॅगनआर दिसली. नोव्हेंबर २०१७ ची, पेट्रोल, एमएच ०८ पासिंग, फर्स्ट ओनर, ४८ हजार किलोमीटर, ३ लाख ८५ हजार. सोबत तपासणी अहवालाची पीडीएफ, पानभर हिरव्या टिका. 'पुरात बुडालेली नाही' यापुढेही टिक. गाडी दारात आली, नारळ फोडला, पेढे वाटले.

आठवड्यानंतर एसी लावला की ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला. मेकॅनिककडे नेली. मला वाटलं बॉनेट उघडेल. त्यानं ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरला आणि पार शेवटपर्यंत ओढला. शेवटची वीतभर पट्टी चहाच्या रंगाची! वर चिमटीत चोळली तर बारीक गाळ हाताला लागला. "मॅडम, ही पोहून आलीय."

रात्री अहवाल नीट बघितला. टायरच्या फोटोत अलॉय व्हील. माझ्या गाडीला साधी लोखंडी चाकं आणि प्लास्टिकच्या टोप्या! चासी नंबरचा रकाना कोरा. फोन केला तर म्हणतात, तपासणी बाहेरच्या माणसानं केली, आमचा संबंध नाही. आरसी अजून नावावर झालेली नाही. मिस्टर म्हणतात, धुऊन-पुसून पुढे विकून टाकू. काय करू?

गॅरेजवाला_कराड
एमएच ०८ म्हणजे रत्नागिरी जिल्हा. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली होती, आठवतंय ना? तिथल्या सगळ्याच गाड्या तशा असं नाही, पण विचारायला हवंच. स्टेपनीखालचा खड्डा, सीटचे रूळ आणि कार्पेटखालचा फोम बघा. फोटो काढा आणि मग गाडीला हात लावू नका. सर्व्हिसिंग नको, ड्रायक्लीनिंग तर अजिबात नको. तो गाळच तुमचा पुरावा आहे. आणि विम्याच्या पॉलिसीवर एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती टक्के आहे ते सांगा.

पाटणच्या_बाई
नोव्हेंबर २०२४ ची पॉलिसी आहे. ३५ टक्के.

गॅरेजवाला_कराड
मग मागे मोजा. क्लेम नसेल तर २०, २५, ३५, ४५, ५० असा चढत जातो. एकच मालक आणि २०१७ ची गाडी, म्हणजे आत्तापर्यंत ५० हवा होता. ३५ म्हणजे तीन वर्षं विनाक्लेम, म्हणजे नोव्हेंबर २०२१ ला तो शून्य झालेला. त्याआधीच्या वर्षात जुलै येतोच.

जुना_एजंट
घाई नको. पॉलिसी ९० दिवसांहून जास्त बंद राहिली तरी एनसीबी जातो. चासी नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जुना रेकॉर्ड मागा, किलोमीटरचाही निकाल लागेल.

दुसरं, पैसे कोणाच्या खात्यात गेले? मालकाच्या की साइटच्या? १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, आणि गाडी ताब्यात घेतल्याची खबर ऑनलाइन द्यावी लागते. ती दिली असेल तर गाडीची जबाबदारी त्याच्याकडे येते. ते अधिकारपत्र मागा, बघा कसे बोलतात. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९, ३० वर सह्या केल्या असतील तर झेरॉक्स जपून ठेवा. आणि आरसी, विमा नावावर होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

कोर्टकचेरी
साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. साइट मुंबईची असो नाहीतर दिल्लीची, तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. आधी लेखी नोटीस, सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. वकील लागतोच असं नाही. 'बाहेरच्या माणसानं केली' हे ते फोनवर म्हणाले, तेच ईमेलवर लिहून मागा.

आणि मिस्टरांना सांगा, माहीत असून पुढे विकली तर ती नोटीस तुमच्या नावानं येईल.

सेकंडहँड_प्रेमी
जुनी गाडी न बघता घ्यायचीच कशाला? साडेतीन लाखांत अजून काय मिळणार होतं?

पाटणच्या_बाई
भाऊ, साडेतीन नाही, ३ लाख ८५ हजार. पतसंस्थेचं कर्ज आहे, हप्ता चालू झालाय.

बाकी सगळ्यांचे आभार. पैसे साइटच्या खात्यात गेलेत. आत्ता त्यांची लिंक परत उघडली, अहवालातलं चाकांचं पानच गायब! पण जुनी पीडीएफ त्यांच्याच माणसानं मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती, तारखेसकट आहे. उद्या शाळेत दोन प्रती काढते. मिस्टर बाहेर सीटबेल्ट ओढून फोटो काढतायत.