मदत हवी आहे: मावशीला गोळ्या, समुपदेशन की शॉक? तिघं तीन सांगतात

डोंगरवाटा

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचते. आज विचारायचं आहे, जरा लांबेल.

माझी मावशी ६१ वर्षांची. सातारा जिल्ह्यात डोंगराच्या अंगाला गाव. तीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. काका जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा टेम्पो चालवतो, सून घरी असते, जमीन थोडी. गेल्या दिवाळीपासून मावशी बसली ती बसलीच. आधी झोप गेली, मग जेवण, मग बोलणं. साठ किलोची बाई अठ्ठेचाळीसवर आली आहे. पहिले तीन महिने घरच्यांनी 'बाहेरचं' बघण्यात घालवले. त्यावर आता भांडून काय करायचं.

मग तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे महिन्यातून एकदा मनोविकाराचे डॉक्टर येतात. नैराश्य म्हणाले. आधी त्यावरची एस्सिटालोप्राम गोळी दिली, १० ची २० केली. दोन-अडीच महिन्यांत फरक पडला नाही म्हणून दुसरी, वेन्लाफॅक्सिन, आता १५० वर आहे. रात्री झोपेसाठी क्लोनाझेपाम. गोळ्या फुकट मिळतात, डॉक्टर चांगले आहेत, पण समोर शंभर माणसं रांगेत असतात. तिथल्याच समुपदेशक ताई दर पंधरवड्याला मावशीशी बोलतात.

मागच्या महिन्यात तिने पाणीही सोडलं तेव्हा आम्ही घाबरून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. ते म्हणाले शॉक द्यायचे, म्हणजे इसीटी. मावसभाऊ ऐकताच उठला. मी पुण्यात असते, म्हणून इथल्या एका खाजगी क्लिनिकमध्ये चौकशी केली. ते म्हणतात शॉकची गरजच नाही, आरटीएमएस करा, चुंबकाची ट्रीटमेंट, तीस सेशनचं पॅकेज, अर्धे पैसे आधी. त्यांनी मावशीला बघितलेलंही नाही. आणि समुपदेशक ताईंचं म्हणणं, 'मशीनच्या मागे लागू नका, बोलून मन मोकळं होईल.'

तिघांनी एकमेकांचा केसपेपर वाचलेला नाही. पिशवीत कागद घेऊन फिरतेय ती मी. गोळ्या, समुपदेशन आणि मशीनचा उपचार, हे तिन्ही एकत्र चालतात का? चालत असतील तर आधी काय? आणि शॉकने माणूस वेडा होतो, ओळख विसरतो, हे खरं का?

चहाबाज

या सगळ्या केमिकल गोळ्या हळूहळू बंद करा आणि दहा दिवसांच्या विपश्यनेला पाठवा. माझ्या मित्राला खूप फरक पडला.

कृष्णाकाठ

चहाबाज, गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिराला येऊ नये, हे तिथले लोक स्वतःच अर्जात विचारून घेतात. पाणी सोडलेल्या बाईला दहा दिवस मौनात बसवायचं?

डोंगरवाटा, माझ्या वडिलांना २०१९ मध्ये आठ इसीटी दिले. आम्हीही आधी घाबरलो होतो, कारण डोळ्यांसमोर सिनेमातलं दृश्य, चार जणांनी धरलेला माणूस. प्रत्यक्षात सकाळी उपाशीपोटी न्यायचं, सलाइन लावतात, भूल देतात, स्नायू सैल पडायचं इंजेक्शन देतात. फिट येते ती मेंदूत, मिनिटभराची. शरीर फारसं हलतही नाही. अर्ध्या-पाऊण तासात बाबा चहा मागायचे. आता वाईट भाग सांगतो. त्या दोन महिन्यांतलं बरंच त्यांना आठवत नाही. माझ्या बहिणीचा साखरपुडा त्यांच्या लेखी झालाच नाही, फोटो दाखवावे लागतात. पण आम्हाला ओळखायचे, ज्वारीचा भाव पाठ असायचा.

ओपीडीतली

मी मानसोपचार विभागात काम करते. मावशींना तपासलेलं नाही, त्यामुळे हे निदान समजू नका.

तिन्ही एकत्र चालतात. चालायलाच हवेत, पण एकाच दिवशी एकाच जोराने नव्हे. माणूस जेवत-पीत नाही, हळू हलतोय, मरणाचं बोलतोय, तिथे वेळ कमी असतो आणि इसीटीइतकं लवकर काम करणारं आमच्याकडे दुसरं काही नाही. साधारण आठवड्यातून दोन-तीनदा, सहा ते बारा वेळा देतात. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय इसीटी देणं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंद आहे. तो कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. त्यामुळे 'भूल कोण देणार' हे बेधडक विचारा. मावशींना समजत असेल तर संमती त्यांचीच लागते, मुलाने परस्पर सही करायची नाही.

आरटीएमएस खोटं नाही. शेफिल्डमध्ये १९८५ साली हे तंत्र निघालं, अमेरिकेत नैराश्यासाठी २००८ पासून मान्यता आहे. भूल नाही, स्मरणशक्तीला सहसा धक्का नाही. पण आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे जायचं असतं. नवीन पद्धतीत एक सेशन तीन मिनिटांत उरकतं, तरी एसटीचे तास कमी होत नाहीत. डोक्यात धातूची क्लिप, कानातलं इम्प्लांट, फिट येण्याचा इतिहास असेल तर आधी सांगावं लागतं. गोळ्यांनी न उतरलेल्या, पण खाऊन-पिऊन असलेल्या रुग्णाला ते उपयोगी. रुग्ण न बघता 'शॉकची गरजच नाही' म्हणणं मला पटत नाही.

क्लोनाझेपामचं मात्र इसीटी देणाऱ्या डॉक्टरांना नक्की सांगा. ती फिट दाबते, त्यामुळे इसीटीचा परिणाम कमी होऊ शकतो. स्वतःहून एकदम बंद करू नका, तेच कमी करतील. आणि सोडियम, थायरॉइड, बी-१२ तपासलंय का? या वयात या गोळ्यांनी सोडियम उतरतं, मग माणूस आणखी मलूल दिसतो.

दोन प्रश्न. मावशी विचित्र वाटेल असं काही बोलतात का? आणि 'मी नको आता' असं म्हणतात का?

डोंगरवाटा

सोडियम कुणी तपासलेलं नाही. उद्याच करते.

विचित्र म्हणजे... आम्ही मनावर घेतलं नव्हतं. ती म्हणते, अंगणवाडीची टीएचआरची, म्हणजे पोरांना घरी न्यायच्या आहाराची पाकिटं मी खाल्ली, म्हणून गावातली पोरं कमी वजनाची राहिली, पोलीस येणार आहेत. फाटकाचा आवाज आला की माळ्यावर जाऊन बसते. अहो, ही बाई स्वतःच्या पैशांनी पोरांना गूळ-शेंगदाणे न्यायची! समुपदेशक ताईंनी तासभर समजावलं, तुम्ही काही खाल्लेलं नाही म्हणून. मावशी शेवटी म्हणाली, 'तुम्ही पण त्यातल्याच.'

'मी नको' असंही म्हणते. सून म्हणाली, रोजच म्हणते.

ओपीडीतली

हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं, पण तुमचा दोष नाही. घरच्यांना तो स्वभाव वाटतो.

असा पक्का, हलत नाही असा अपराधभाव असेल तर ते नैराश्यासोबत भ्रम असलेलं चित्र असू शकतं, आणि मग हिशेबच बदलतो. नुसत्या नैराश्याच्या गोळीने ते सहसा उतरत नाही. सोबत भ्रमावरची गोळी लागते, किंवा इसीटी. या प्रकारात इसीटीचा गुण विशेष चांगला येतो. आरटीएमएस इथे माझ्या यादीत मागे जातं. समजावून भ्रम जात नाही, म्हणून ताईंचा तास वाया गेला. त्यांचं काम नंतर आहे, आणि ते मोठं आहे. मावशी तालुक्याच्या डॉक्टरांना हे बोलल्या नसणार, दोन मिनिटांत कोण बोलतं? कागदावर लिहून न्या, तिच्याच शब्दांत.

तोवर एक करा. घरात फवारणीचं औषध कुठे आहे? ते आणि गोळ्यांची पाकिटं कुलपात. किल्ली सुनेकडे, गोळी हातात देऊन. रात्री एकटं झोपू देऊ नका. जिवाचं काही करण्याचा बेत दिसला तर थेट दवाखाना. फोनवर बोलायचं तर टेलीमानस १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात.

डोंगरवाटा

गावात फवारणीलाही औषधच म्हणतात ना. भावाला फोनवर 'औषध कुलपात ठेव' म्हटलं तर तो म्हणाला, गोळ्या आहेतच की डब्यात. नीट सांगितल्यावर गप्प झाला. गोठ्यातल्या कोनाड्यात दोन बाटल्या होत्या. आता शेजारच्यांकडे आहेत.

मांडवीपार

मी गोव्यातून. समुपदेशनाबद्दल एवढंच सांगतो, ते 'मन मोकळं करणं' इतकं ढिसाळ नसतं. इथल्या संगात संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून सहा ते आठ भेटींचा उपचार करून बघितला. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ४९५ रुग्ण, बऱ्यापैकी तीव्र ते तीव्र नैराश्याचे, आणि नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा निकाल चांगला. त्यात मुख्य काम काय, तर माणसाला पुन्हा छोट्या छोट्या कामांना लावायचं. आधी मन, मग काम असं नाही; आधी काम. अंगणात दोन मिनिटं उभं राहणंसुद्धा वहीत लिहायचं. तुमच्या ताईंना हे विचारून बघा, त्या करू शकतील. पण ओपीडीतली म्हणतात तसं, भ्रम उतरल्यावर.

कृष्णाकाठ

अजून एक, आमची चूक. आठ इसीटीनंतर बाबा इतके छान झाले की आम्ही गोळ्यांकडे दुर्लक्ष केलं. चार महिन्यांत परत तेच.

ओपीडीतली

अगदी. २००१ च्या एका अमेरिकी अभ्यासात इसीटीने बरे झालेल्यांना नंतर नुसत्या साखरेच्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळ्या दिल्या, तेव्हा सहा महिन्यांत ८४ टक्के परत आजारी पडले. नॉरट्रिप्टिलिन या नैराश्याच्या गोळीवर ६० टक्के, सोबत लिथियम हे मन स्थिर ठेवणारं औषध दिल्यावर ३९. म्हणजे इसीटी विहिरीतून वर काढते, काठावर धरून ठेवायला गोळ्या आणि ताई. काहींना इसीटीच अंतर वाढवत चालू ठेवावी लागते.

आणि एकच वही करा. डाव्या पानावर गोळ्या, मात्रा, तारीख. उजवीकडे वजन, झोप, जेवण, ती काय बोलली. तिघांनाही तीच वही दाखवायची. तिघांनी एकमेकांना फोन करणं आदर्श, पण होत नाही.

डोंगरवाटा (पाच आठवड्यांनी)

धागा वर काढतेय.

सोडियम १२४, म्हणजे बरंच कमी निघालं होतं, आधी ते सुधारलं. लिहून नेलेला कागद डॉक्टरांनी दोनदा वाचला आणि 'हे मला आधी का नाही सांगितलं' म्हणाले. भाऊ दुसऱ्या इसीटीला दाराबाहेर उभा राहिला, तिसऱ्याला स्वतः घेऊन गेला. सात झाल्या. पाचवीनंतर मावशीने सुनेला विचारलं, तांदूळ कुठून आणलेस, किती मोठा दाणा आहे. सून रडत मला फोन करत होती, मला आधी वाटलं काही झालं.

पोलिसांचं बोलणं बंद आहे. विचारलं तर म्हणते, 'असं म्हणायचे का मी?' मधल्या दोन-तीन आठवड्यांतलं तिला आठवत नाही. चष्मा कुठे ठेवला ते रोज विसरते. वजन एक्कावन्न. समुपदेशक ताईंना वही दिली, त्यांनी पहिलं काम दिलं: शेजारच्या नातवाचं वजन करून वहीत लिहायचं. मावशीने वजनकाटा शून्यावर आहे का ते आधी तपासलं म्हणे.

पुण्याच्या क्लिनिकचे अजून फोन येतात, या महिन्यात सवलत आहे म्हणून.

आता पुढचा प्रश्न. डॉक्टर म्हणतात पुढचे चार महिने पंधरा दिवसांनी एक इसीटी. तो वार बुधवार, आणि बुधवारी भावाची भाड्याची खेप असते. सून एकटी नेऊ शकते का, की सही करायला मुलगाच लागतो? कुणी असं केलंय?