मदत हवी आहे: देवलापारजवळ चार खोल्या बांधायच्या आहेत, कोणत्या योजनेत बसतं?

नमस्कार मंडळी,

नागपूर-जबलपूर महामार्गावर, देवलापारच्या अलीकडे आमचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे आपल्या गावच्या भाषेतलं: तर्री पोहे, आलुबोंडा, चहा. हे सांगायचं कारण, एका सरकारी कार्यालयात "हॉटेलसाठी मदत पाहिजे" म्हटलं तर साहेबांनी विचारलं, "किती खोल्या?" मी म्हटलं, खोल्याच तर बांधायच्या आहेत!

सिल्लारीला (पेंच व्याघ्र प्रकल्पाचं गेट) सफारीसाठी येणारे लोक आमच्याकडे चहा पितात आणि विचारतात, "भाऊ, इथं साधी राहायची सोय आहे का?" मोठ्या रिसॉर्टचा दर त्यांना झेपत नाही. मागे बाबांच्या नावावर दोन एकर वावर आहे. तिथं चार खोल्या आणि एक स्वयंपाकघर, खर्च अंदाजे 18 लाख. काम बायको पाहणार.

चार महिन्यांपासून चकरा मारून राहिलो. एक म्हणतो उद्योग केंद्रात जा, दुसरा म्हणतो पर्यटनवाल्यांकडे. बँकवाले म्हणतात तारण आणा. आता एक एजंट 10 टक्के मागून राहिला, "सबसिडी हातात आणून देतो" म्हणतो. खरंच कोणी घेतली असेल तर सांगा राजेहो.

संत्रावाला_काटोल:
एजंटला पहिले हाकला. पीएमईजीपी म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, त्यातली सबसिडी हातात येतच नाही. बँक कर्ज मंजूर करते, सबसिडी तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून राहते, मग कर्जात वळती होते. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही. सेवा उद्योगाला मर्यादा 20 लाख, म्हणजे तुमचं बसते. अर्ज वहिनींच्या नावानं करा: ग्रामीण भागात महिलेला 35 टक्के, स्वतःचे फक्त 5 टक्के. 18 लाखांवर 6 लाख 30 हजार सबसिडी आणि घरचे 90 हजार. जमिनीची किंमत प्रकल्पात धरू नका, कटते. चालू हॉटेल वाढवतो असं लिहिलं तर फाइल परत येईल, ही योजना नव्या युनिटलाच आहे. आणि दारू ठेवणार असाल तर विसरा. मंजूर मुदत 2025-26 पर्यंतचीच होती, पुढे सुरू आहे का ते आधी विचारून घ्या.

रामटेककर_ताई:
पर्यटन संचालनालयाचं 'आई' धोरणही वाचून घ्या. महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज परत मिळतं, जास्तीत जास्त साडेचार लाख. पण आधी व्याज स्वतः भरावं लागतं, मग परतावा. दुसऱ्या योजनेतून सबसिडी घेतलेल्या युनिटला पीएमईजीपी मिळत नाही, म्हणून एकच दार धरा. मला विचाराल तर हाताशी पैसा कमी असताना पीएमईजीपीच बरं.
आणखी एक, 2020 च्या कृषी पर्यटन धोरणात बाबांच्या नावानं केंद्राची नोंदणी होऊ शकते. ती अनुदान नाही, पण बँकेसमोर एक कागद तरी ठेवता येतो.

वनरक्षक_निवृत्त:
पैशाचं नंतर. वावर व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीपासून किती दूर आहे? इको-सेन्सिटिव्ह झोनमध्ये (जंगलाभोवतीचा बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा) हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत नवीन व्यावसायिक हॉटेलला परवानगी नसते. अंतराचा दाखला काढल्याशिवाय पाया खोदू नका. आणि 1 जुलै ते 30 सप्टेंबर कोअरमधली (जंगलाच्या आतल्या मुख्य भागातली) सफारी बंद असते, ते तीन महिने हप्ता कुठून भरणार हे प्रकल्प अहवालात लिहा. मॅनेजर तेच विचारतो.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. पावसाळ्याचा तर विचारच केला नव्हता. तेव्हा पोह्यांवरच भागवावं लागेल. अंतर मोजलं, हद्दीपासून साडेतीन किलोमीटर. सोमवारी दाखल्यासाठी अर्ज टाकतो. आता एकच अडचण राहिली: वावर बाबांचं, अर्ज बायकोचा. भाडेकरार नोंदणीकृतच लागतो की साधा चालतो? बँकवाल्या कोणी सांगेल का?