व्हीजीए ते एचडीएमआय: नुसती केबल का चालत नाही

जुन्या लॅपटॉपच्या व्हीजीए पोर्टला साधी व्हीजीए-एचडीएमआय केबल लावली आणि टीव्ही 'नो सिग्नल' दाखवतोय, तर केबल खराब असेलच असं नाही. व्हीजीए ॲनालॉग आहे, एचडीएमआय डिजिटल. मधे सिग्नल बदलणारी चिप असलेला कन्व्हर्टर लागतोच. नुसत्या तारा जोडून हे होत नाही.

घेताना दिशा नीट बघा. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर दिसायला अगदी तसाच असतो, पण उलटा चालत नाही. आपल्याला व्हीजीए इनपुट, एचडीएमआय आउटपुट हवं. त्याला यूएसबीची शेपटी असेल तर ती लॅपटॉपमध्ये लावा, चिपला ५ व्होल्ट तिथूनच मिळतात. व्हीजीएतून आवाज जात नाही, म्हणून ३.५ मिमी ऑडिओ वायर असलेलाच घ्या.

जोडल्यावर विंडोज बटण आणि पी दाबून 'डुप्लिकेट' निवडा. तरीही पडदा काळाच असेल तर रिझोल्यूशन १२८० x ७२०, ६० हर्ट्झ करून बघा. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर दोष टीव्हीच्या ओव्हरस्कॅनचा, म्हणजे टीव्ही चित्र थोडं मोठं करून दाखवतो त्याचा. पिक्चर सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' शोधा.

नव्या लॅपटॉपला यूएसबी-सी असेल तर ॲडॉप्टर घेण्याआधी त्या पोर्टमधून व्हिडिओ बाहेर पडतो का, हे मॉडेलच्या माहितीत तपासा. काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटासाठी असतात.