शब्दचर्चा : ‘केंद्र’, ‘दिल्ली’, ‘पक्षश्रेष्ठी’ यांतलं नेमकं कोण?

अमळनेर
बारावीच्या राज्यशास्त्राच्या टिपणांचं मराठी तपासायला घेतलंय. दोन ठिकाणी अडलंय. एक, ज्या पक्षाचं देशभर चालतं त्याला ‘प्रबळ पक्ष’ म्हणायचं की ‘वर्चस्वशाली पक्ष’? टिपणात ‘एकपक्ष पद्धती’ असंही आलंय. दोन, ‘केंद्राने राज्याचा मुख्यमंत्री बदलला’ हे वाक्य. वर्तमानपत्री मराठीत सर्रास चालतं, पण मला ते खटकतं. जाणकारांनी सांगावं.

धुळे
‘एकपक्ष पद्धती’ आधी काढा. तिथे दुसऱ्या पक्षाला कायद्यानंच जागा नसते. आपल्याकडे १९५२ पासून निवडणुका खुल्या होत्या, विरोधक लढत होते, फक्त दिल्लीत आणि बहुतेक राज्यांत एकच पक्ष निवडून येत होता. त्याला ‘एकपक्ष-वर्चस्व’ म्हणतात. राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारींनी १९६४ मध्ये या घडीला ‘काँग्रेस व्यवस्था’ असं नाव दिलं. ‘प्रबळ’ हा शब्द ताकदीपुरता आहे. एखादा पक्ष एका जिल्ह्यातही प्रबळ असू शकतो. ‘वर्चस्व’ म्हटलं की दुसऱ्यांवर चालणारी सत्ता आली. बोलीत आपला ‘वरचष्मा’ याला अगदी जवळचा आहे, पण तो पाठ्यपुस्तकात बसणार नाही.

धुळे
दुसऱ्या वाक्याबद्दल वेगळं लिहितो, कारण खरी गल्लत तिथे आहे. केंद्र सरकारला मुख्यमंत्री बदलताच येत नाही. अनुच्छेद १६४ प्रमाणे नेमणूक राज्यपाल करतात, आणि विधानसभेत बहुमत असणाऱ्यालाच नेमावं लागतं. केंद्राच्या हातात फक्त अनुच्छेद ३५६, म्हणजे राष्ट्रपती राजवट, आहे. त्यानं सरकार *बरखास्त* होतं, मुख्यमंत्री *बदलत* नाही. बदल पक्षातून होतो आणि त्याची रीत ठरलेली आहे. दिल्लीहून निरीक्षक येतात, विधिमंडळ पक्षाची बैठक होते, ‘नेता निवडीचे अधिकार पक्षाध्यक्षांना’ असा एका ओळीचा ठराव होतो, नाव कळवलं जातं. मग जुन्याचा राजीनामा, नव्याचं पत्र राज्यपालांकडे, आणि शपथ. घटनेतलं एकही कलम मोडत नाही, तरी निवड आमदारांच्या हातून गेलेली असते.

महाराष्ट्रात दोन्ही प्रकार एकाच दशकात घडले. १७ फेब्रुवारी १९८० ला शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार केंद्रानं बरखास्त केलं. पुढे १९८० ते १९८८ मध्ये अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव चव्हाण आणि पुन्हा पवार असे सहा जण मुख्यमंत्री झाले. आठ वर्षांत सहा! एकदोनदा न्यायालयीन प्रकरण निमित्त ठरलं, पण या काळात सरकार एकदाही बरखास्त झालं नाही. पक्ष काँग्रेसच होता. म्हणून वाक्यं अशी हवीत: ‘१९८० मध्ये *केंद्राने* सरकार बरखास्त केलं’, ‘१९८३ मध्ये *पक्षश्रेष्ठींनी* मुख्यमंत्री बदलला’.

फैजपूर
धुळेकर भाऊंनी केलेला फरक स्वातंत्र्याआधीपासूनचा आहे. डिसेंबर १९३६ मध्ये आमच्या फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तिथल्या ठरावात इंग्रजांचा १९३५ चा भारत सरकार कायदा नाकारला गेला आणि घटना समितीची मागणी झाली. त्या कायद्यातलं संघराज्य संस्थानिक न आल्यामुळे कागदावरच राहिलं. प्रांतिक स्वायत्तता मात्र लागू झाली आणि १९३७ मध्ये काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळं आली. ती किती स्वायत्त होती? १९३८ मध्ये मध्य प्रांताच्या मंत्रिमंडळाचे प्रमुख डॉ. ना. भा. खरे यांनी राजीनामा देऊन गव्हर्नरकडून नवं मंत्रिमंडळ घेतलं, तर पक्षानं त्यांना ते सोडायला लावलं. १९३९ च्या अखेरीस कार्यकारिणीच्या आदेशावर सगळ्या काँग्रेसी मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. कायद्यानं प्रांत मोकळा, पक्षशिस्तीनं बांधलेला. ‘हायकमांड’ हा शब्द रुळला तो याच काळात.

शहादा
पक्षाचं वर्चस्व म्हणजे फक्त मुख्यमंत्री बदलणं, असं मुलांच्या मनात राहू नये. नर्मदेचं उदाहरण द्या, आपल्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या उशाची नदी आहे. पाणीवाटपाचा लवाद १९६९ मध्ये नेमला गेला. घटनेचा रस्ता तोच, १९५६ चा आंतरराज्य पाणीतंटा कायदा. पण १९७२ मध्ये राज्यांनी काही मुद्दे पंतप्रधानांकडे सोपवायचं ठरवलं, आणि १२ जुलै १९७४ ला करार झाला. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, राजस्थान या तिन्हींचे मुख्यमंत्री काँग्रेसचे. गुजरातेत नवनिर्माण आंदोलनानंतर राष्ट्रपती राजवट होती, म्हणून तिथून राज्यपालांच्या सल्लागारांची सही. उपलब्ध पाणी २८ दशलक्ष एकर-फूट धरलं. त्यातलं महाराष्ट्राला पाव दशलक्ष एकर-फूट, म्हणजे १०.८९ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि राजस्थानला अर्धा दशलक्ष. उरलेले २७.२५ लवादानं नंतर १८.२५ मध्य प्रदेशला, ९ गुजरातला असे वाटले.

आता शब्दाकडे या. या कराराला ‘राज्याराज्यांतला करार’ म्हणायचं की ‘पक्षांतर्गत तडजोड’? माझ्या मते कायद्यानं पहिलं, प्रत्यक्ष चालीनं दुसरं. तंटा लवकर मिटतो हा फायदा खरा आहे. पण ज्याचं घर बुडणार त्याचा या टेबलावर कोणीच नव्हता. महाराष्ट्रातली बुडितातली ३३ गावं आपल्याच भागातली आहेत, हे वाटपाच्या आकड्यांशेजारी लिहा.

जळगाव
आजचं उदाहरण हवं असेल तर जीएसटी परिषद घ्या. अनुच्छेद २७९-क प्रमाणे केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठरावाला तीन चतुर्थांश लागतात. विधानसभा असलेले केंद्रशासित प्रदेश धरून ३१ सदस्य हजर आहेत असं माना. एका राज्याचं वजन साधारण २.१५ टक्के पडतं. केंद्राचे ३३.३३ सोडून ४१.६७ हवेत, म्हणजे २० राज्यं. उलट ठराव अडवायला १२ राज्यं पुरतात. एकत्र येऊनही सगळी राज्यं ६६.६७ वरच थांबतात, म्हणून केंद्राशिवाय काही मंजूर होत नाही.

इथे मुलं हमखास ‘केंद्राला बहुमत आहे’ असं लिहितात. ते चूक. केंद्राला *नकाराधिकार* आहे. बहुमत पक्ष मिळवून देतो. २० राज्यांत एकाच पक्षाची किंवा मित्रपक्षांची सरकारं असली, तर हरकती बैठकीआधीच मिटतात आणि इतिवृत्तात ‘सहमती’ असा शब्द येतो. मतदानाची पहिली वेळ आली ती डिसेंबर २०१९ मध्ये, लॉटरीवरच्या करासाठी.

भुसावळ
‘डबल इंजिन सरकार’ (केंद्रात आणि राज्यात एकाच पक्षाचं) हाही शब्द टिपणात घ्यायला हवा, पण नीट. कसारा घाटात १:३७ चा चढ आहे. तिथे गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात, इगतपुरीला सुटतात. बँकरवर स्वतःचा लोको पायलट असतो, त्याला पुढच्याशी मेळ राखावा लागतो. मालगाडीला पुढे एकामागे एक जोडलेली दोन इंजिनं वेगळी. त्यांच्यात केबल असते, मागच्या केबिनमध्ये कोणी बसत नाही, हुकूम पुढूनच जातो. दोन्ही ‘दोन इंजिनं’च. संघराज्याच्या धड्यात प्रश्न इंजिनं किती हा नसून चालक किती हा आहे.

अमळनेर
सगळ्यांचे आभार. ‘एकपक्ष-वर्चस्व’ घेतो. एक शंका उरली. ‘केंद्र’ऐवजी ‘संघ’ लिहू का? तमिळनाडू सरकार २०२१ पासून ‘ओन्रिय अरसु’, म्हणजे ‘संघ सरकार’, म्हणू लागलं.

धुळे
अनुच्छेद १ मध्ये ‘राज्यांचा संघ’ असंच आहे. राज्यांनी करार करून देश बनवलेला नाही आणि कोणाला फुटून निघता येत नाही, म्हणून ‘फेडरेशन’ टाळलं, असं आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत सांगितलं. ‘केंद्र सरकार’ची व्याख्या १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात आहे, त्यामुळे तोही शब्द कायद्याबाहेरचा नाही. अधिकारांच्या याद्या शिकवताना ‘संघसूची’, एरवी ‘केंद्र सरकार’ लिहा. नुसतं ‘दिल्ली’ मात्र कुठेच नको. तेवढ्यावरून सरकार की पक्ष हे कळत नाही.

आणि ‘पक्षश्रेष्ठी’ नेहमी अनेकवचनी चालवा: ‘पक्षश्रेष्ठींनी ठरवले’. ‘श्रेष्ठी’ म्हणजे मुळात व्यापारी श्रेणीचा मुख्य, आपला ‘शेठ’ त्याच शब्दातून आला. ‘पक्षश्रेष्ठीने’ असं तुमच्या टिपणात दोनदा पडलंय, तेवढं दुरुस्त करा.